लॉगिनला चार मिनिटं लागतायत, स्क्रीन ग्रुप पॉलिसीवरच अडकते. शोधायला सुरुवात कुठून करू?

शिरोली_ॲडमिन:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं एकदमच सांगतो म्हणजे नंतर परत परत विचारायला नको.

आमची कास्टिंगची कंपनी, हेड ऑफिस भोसरीला, एक प्लांट चाकणला आणि मी असतो तो प्लांट कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत. इथं ८५ पीसी आहेत, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता म्हणून त्याआधीच सगळे ११ वर नेले. डोमेन (कंपनीच्या सगळ्या पीसी आणि युजरचं एकत्र नेटवर्क) एकच, भोसरीत दोन डोमेन कंट्रोलर (पासवर्ड तपासणारे आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे पीसी-युजरसाठी ठरवलेल्या सेटिंग्ज, देणारे सर्व्हर), चाकणला एक आणि इथं एक, मध्ये व्हीपीएन.

प्रॉब्लेम असा की सकाळी सातची पाळी सुरू झाली की डिस्पॅच, स्टोअर, वजनकाटा, क्वालिटी सगळे एकदम लॉगिन करतात आणि पासवर्ड टाकल्यावर "प्लीज वेट फॉर द ग्रुप पॉलिसी क्लायंट" असं येऊन स्क्रीन तशीच, चार मिनिटं, कधी पाच. तेवढ्यात बाहेर गाडी भरून उभी असते, ई-वे बिल काढायचं असतं, ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभा राहतो आणि डिस्पॅचचा माणूस नुसता गोल फिरणाऱ्या टिंबांकडे बघत बसतो. पाळी बदलली की पीसीवर दुसरा माणूस, म्हणजे दिवसातून तीनदा हाच प्रकार. मला रोज फोन येतात आणि खरं सांगायचं तर त्या लोकांचं चुकत नाहीये, त्यांचा वेळ जातोय.

भोसरीत एवढं नाही, तिथं मिनिटभर लागतं म्हणतात. आमच्याकडं हे साधारण मागच्या दिवाळीनंतर सुरू झालं, तेव्हा आम्ही ऑफिस जुन्या शेडमधून नवीन शेडमध्ये हलवलं आणि जुना फाइल सर्व्हर काढून नवीन लावला. लोकल अकाउंटनं लॉगिन केलं तर १५ सेकंदांत डेस्कटॉप येतो. दहा-बारा पीसीत एसएसडी नवीन टाकून बघितल्या, काडीचा फरक नाही. आता साहेब म्हणतायत पीसीच बदलू. मला तो खर्च नको आहे, आधी कारण कळायला हवं.

एकूण ३४ पॉलिसी दिसतात आमच्या ओयूला (डोमेनमधल्या आमच्या गटाला), त्यातल्या निम्म्या माझ्या आधीच्या माणसानं केलेल्या, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही. एकेक अनलिंक करून बघू का?


निगडी_नेटवर्क:

अँटीव्हायरस बघितला का? आमच्याकडं एकदा असंच झालेलं, अँटीव्हायरसचा एजंट लॉगिनलाच फुल स्कॅन सुरू करायचा. आणि "ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन" ही सेटिंग चालू असेल तर बंद करून टाका, लगेच फरक पडेल.


जुना_सिसॲडमिन:

शिरोलीकर, एकेक अनलिंक करू नका हो. ३४ पॉलिसी, प्रत्येक बदलानंतर दोन-तीन लॉगिन, त्यात कारणं दोन-तीन एकात एक गुंतलेली असली तर एक काढून फरकच दिसणार नाही आणि तुम्ही खरा दोषी निर्दोष म्हणून सोडून द्याल. मी हे केलंय, तीन आठवडे घालवलेत त्यात. विंडोज स्वतः प्रत्येक सेकंदाचा हिशेब लिहून ठेवतं, तो आधी वाचा.

पहिली चाचणी अगदी साधी. एका पीसीवर ज्यानं आधी लॉगिन केलेलं आहे त्याच माणसाला नेटवर्कची केबल काढून लॉगिन करायला सांगा, कॅशमधल्या पासवर्डवर लॉगिन होईल. २० सेकंदांत डेस्कटॉप आला तर डिस्क, प्रोफाइल, अँटीव्हायरस हे सगळे बाजूला, वाट बघणं नेटवर्कवर कुठंतरी आहे.

मग केबल लावून नेहमीसारखं लॉगिन करा आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुप पॉलिसी, ऑपरेशनल. लोक सिस्टम लॉगमध्येच शोधत बसतात, खरा माल इथं असतो. ४००१ म्हणजे त्या युजरची लॉगिनची पॉलिसी सुरू झाली, ८००१ म्हणजे संपली आणि त्यातच एकूण किती सेकंद लागले ते लिहिलेलं असतं. मधे जे ४०१६ येतात ती एकेका एक्स्टेंशनची सुरुवात, म्हणजे ड्राइव्ह मॅप्स (सर्व्हरवरचे फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडणं), प्रिंटर्स, रजिस्ट्री वगैरे, आणि ५०१६ म्हणजे ते नीट संपलं आणि किती मिलिसेकंद गेले. ६०१६ आला तर वॉर्निंगसकट संपलं, ७०१६ आला तर एरर. ५३२६ मध्ये डोमेन कंट्रोलर शोधायला किती वेळ लागला ते, ५३१२ मध्ये कुठल्या पॉलिसी लागू झाल्या आणि ५३१३ मध्ये कुठल्या गाळल्या गेल्या आणि का. एका लॉगिनच्या सगळ्या इव्हेंटला ॲक्टिव्हिटी आयडी एकच असतो, त्यावर फिल्टर लावा नाहीतर बॅकग्राउंड रिफ्रेशचे (काम चालू असताना मागे पॉलिसी परत तपासली जाते त्याचे) इव्हेंट मधे घुसून गोंधळ होतो.

एवढे आकडे इथं टाका. ४००१ आणि पहिला ४०१६ यांच्यात किती अंतर आहे ते पण सांगा, ते सहसा कुणी बघत नाही.


सर्व्हररूम_ताई:

वरच्या दादांनी सांगितलंय तेच, त्यात माझी दोन पैशाची भर. ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगॉनचे ६००५ आणि ६००६ आहेत का बघ, त्यात जीपीक्लायंटनं (म्हणजे ग्रुप पॉलिसी क्लायंटनं) एवढे सेकंद घेतले असं सरळ लिहिलेलं असतं. म्हणजे वर साहेबांना दाखवायला एक पुरावा होतो. आणि त्याच ॲप्लिकेशन लॉगमध्ये ४०९८ नंबरचे वॉर्निंग शोध, सोर्स ग्रुप पॉलिसी ड्राइव्ह मॅप्स किंवा ग्रुप पॉलिसी प्रिंटर्स असेल. प्रेफरन्सेस (ग्रुप पॉलिसीतला ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे देणारा भाग) मधली एखादी एंट्री फेल झाली की ती तिथं येते.

अजून एक, "डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस" ही कॉम्प्युटरची पॉलिसी एका टेस्ट ओयूला लाव. मग लॉगिन होताना स्क्रीनवर नुसतं "प्लीज वेट" ऐवजी नेमकं काय चाललंय ते येतं, ड्राइव्ह मॅप्स लागू होतंय, प्रिंटर्स लागू होतंय असं. मोबाइलवर व्हिडिओ काढ, नंतर घड्याळ लावून बघता येतो.

निगडी, ती नेटवर्कची वाट बघायची सेटिंग बंद केली की बरं वाटतं हे खरं आहे, पण त्यानं आजार बरा होत नाही. ती बंद असली की विंडोज पॉलिसी मागच्या बाजूला चालवतं आणि डेस्कटॉप आधी देतं, म्हणजे वेळ तेवढाच जातो, फक्त माणसाला दिसत नाही आणि डेस्कटॉप आल्यावर ड्राइव्ह का नाही म्हणून फोन येतो. फोल्डर रिडायरेक्शन (युजरचे फोल्डर सर्व्हरवर ठेवणं) किंवा पॉलिसीनं सॉफ्टवेअर टाकणं असेल तर त्यांना फोरग्राउंड सिंक्रोनसच लागतं, म्हणजे डेस्कटॉप यायच्या आधी पॉलिसी पूर्ण व्हायला लागते. आधी कारण शोधू, मग ती सेटिंग ठेवायची की काढायची ते ठरवू.


शिरोली_ॲडमिन:

दादा, ताई, मनापासून धन्यवाद. आज दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी स्टोअरच्या पीसीवर बसलो.

केबल काढून लॉगिन: १८ सेकंद. माझा तर विश्वासच बसेना, एवढे दिवस मी एसएसडी टाकत बसलो होतो.

केबल लावून: ८००१ सांगतो २४७ सेकंद. ४००१ पासून पहिल्या ४०१६ पर्यंत ४४ सेकंद. ड्राइव्ह मॅप्स १२९ सेकंद. प्रिंटर्स ७१ सेकंद. रजिस्ट्री आणि बाकीचं सगळं मिळून ३ सेकंद. डोमेन कंट्रोलर शोधायला २ सेकंदसुद्धा नाही.

४०९८ भरपूर आहेत. ड्राइव्ह मॅप्सचे सहा, सगळ्यांत एरर कोडच्या शेवटी ३५ आणि पुढं नेटवर्क पाथ सापडला नाही असं. प्रिंटरचे पाच, त्यांच्या कोडच्या शेवटी बीसीबी आहे.

पण गंमत म्हणजे युजरला ड्राइव्ह सगळे नीट दिसतात. मग फेल काय होतंय?


जुना_सिसॲडमिन:

तुमचे आकडे म्हणजे निम्मं काम झालं. आता बघा, १२९ ला ६ ने भागा, साधारण साडेएकवीस. सहा एंट्री फेल, प्रत्येकीला एकवीस-बावीस सेकंद. कोडच्या शेवटी जे ३५ आहे ते हेक्स आहे, दशमानात ५३, म्हणजे आपला जुना ओळखीचा सिस्टम एरर ५३. एखाद्या सर्व्हरचं नाव डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) आहे पण त्या पत्त्यावर कुणीच उत्तर देत नाही तेव्हा विंडोज कनेक्शनचा निरोप परत परत पाठवत बसतं आणि वीसेक सेकंदांनी हात टेकतं. सर्व्हर चालू असता आणि फक्त शेअर नसता तर लगेच नाही म्हणाला असता. इथं नाही म्हणायलासुद्धा कुणी नाही.

कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट यूजनं त्यातला एक पाथ हातानं जोडून बघा, मोबाइलवर सेकंद मोजा.

माझा अंदाज, जुना फाइल सर्व्हर काढला पण त्याचे ड्राइव्ह देणारी पॉलिसी तशीच लिंक आहे. आणि नवीन पॉलिसी तेच लेटर नवीन सर्व्हरवर देते. नवीन पॉलिसीची प्रेसिडन्स (प्राधान्य) वरची असेल तर ती नंतर लागते, म्हणजे आधी जुन्या सहा एंट्री टाइमआउट खातात आणि मग नवीन सहा नीट लागतात. शेवटी युजरला सगळं बरोबर दिसतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. जीपीरिझल्ट स्लॅश एच देऊन एचटीएमएल रिपोर्ट काढा, त्यात ड्राइव्ह मॅप्सखाली कुठली एंट्री कुठल्या पॉलिसीतून येते ते दिसेल, आणि कॉम्पोनंट स्टेटसमध्ये प्रत्येकाला लागलेला वेळही दिसतो.

डीएनएसमधलं जुनं नाव नुसतं उडवू नका, त्यानं वेळ कमी होईल पण विंडोज मग ते नाव दुसऱ्या मार्गानं शोधत बसेल. पॉलिसीच काढा.

आता ४४ सेकंदांबद्दल. त्या काळात विंडोज पॉलिसींची यादी बनवतं, सिसव्हॉलमधून (डोमेन कंट्रोलरवरच्या पॉलिसींच्या फोल्डरमधून) फाइल वाचतं आणि डब्ल्यूएमआय फिल्टर (पीसीची माहिती विचारून पॉलिसी लावायची की नाही ते ठरवणारी अट) तपासतं. तुमच्या पॉलिसींना डब्ल्यूएमआय फिल्टर लावलेत का? आणि एनएलटेस्ट स्लॅश डीएसगेटसाइट चालवून त्या पीसीची साइट (डोमेनच्या हिशेबातलं ठिकाण) काय येते ते सांगा.


शिरोली_ॲडमिन:

दादा तुम्ही इथं येऊन बघितलंत का काय!

नेट यूज हातानं केलं, २१ सेकंदांनी एरर ५३. जुना सर्व्हर २०१२ आर२ वर होता, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ ला संपला म्हणून काढलेला, आणि त्याची पॉलिसी अजून ओयूला लटकलेलीच आहे, सहाच्या सहा एंट्री, ॲक्शन रिप्लेस. ए टू झेड तुम्ही सांगितलंत तसंच.

साइट: कमांड एरर देते, १९१९, साइटचं नाव नाही म्हणते. लॉगॉनसर्व्हर बघितला तर आज चाकणचा आहे, शेजारच्या पीसीचा भोसरीचा. आमच्या स्वतःच्या सर्व्हररूममध्ये डोमेन कंट्रोलर आहे, दहा पावलांवर, आणि हे पीसी पुण्याला जाऊन विचारतायत.

डब्ल्यूएमआय फिल्टर एक आहे, डोमेनच्या मुळाशी लावलेल्या पॉलिसीवर. त्यात विन३२ अंडरस्कोअर प्रॉडक्ट वरून जावाचं जुनं व्हर्जन आहे का ते बघितलंय.


सर्व्हररूम_ताई:

अरे बापरे, विन३२ प्रॉडक्ट!! तो फिल्टर आधी काढ, बाकी सगळं नंतर.

तो क्लास फक्त यादी देत नाही, तो विचारला की विंडोज इन्स्टॉलर पीसीवरच्या प्रत्येक एमएसआय पॅकेजची (त्यानं टाकलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची) तपासणी करतो, काही बिघडलेलं वाटलं तर रिपेअरसुद्धा करतो. ऑफिसपासून प्रिंटरच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं. ॲप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआय इन्स्टॉलरचे १०३५ नंबरचे इव्हेंट रांगेनं दिसतील, प्रॉडक्ट रिकॉन्फिगर झालं असे. आणि हे फक्त लॉगिनला नाही, बॅकग्राउंड रिफ्रेश साधारण ९० मिनिटांनी होतो, त्यात शून्य ते ३० मिनिटं इकडंतिकडं, त्या प्रत्येक वेळी फिल्टर परत तपासला जातो. तुमचे लोक म्हणतात का की दिवसातून मधेच पीसी जड होतो, दहा-वीस सेकंद माउस अडकतो आणि मग ठीक होतो? आमच्याकडं लेखा विभागातल्या मावशी वर्षभर हेच सांगत होत्या आणि आम्ही त्यांना रॅम वाढवून दिली. त्या बरोबर होत्या, आम्ही ऐकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

जावाचं तपासायचंच असेल तर प्रेफरन्सेस मधल्या आयटम लेव्हल टार्गेटिंगमध्ये (एखादी एंट्री कुणाला लागेल त्या अटीत) फाइल मॅच किंवा रजिस्ट्री मॅच लाव, क्षणात होतं. डब्ल्यूएमआयच पाहिजे असेल तर विन३२ ऑपरेटिंग सिस्टम सारखे हलके क्लास चालतात.

साइटचं सोपं आहे. नवीन शेडमध्ये आयपी रेंज बदलली ना? ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेस मध्ये सबनेट्सखाली तो नवीन सबनेट घातलाच नसणार. सबनेट साइटला जोडलेला नसला की पीसीला आपण कुठं आहोत तेच कळत नाही, मग जो डोमेन कंट्रोलर हाती लागेल तो. डोमेन कंट्रोलरवर विंडोज, डीबग फोल्डरमधली नेटलॉगॉन डॉट लॉग उघड, त्यात नो क्लायंट साइट म्हणून तुमच्या पीसींची नावं भरलेली असतील. त्याच फाइलवरून अजून कुठले सबनेट राहिलेत तेही सापडतं, बऱ्याचदा वायफायचा विसरलेला असतो.


निगडी_नेटवर्क:

ताई पटलं, मी घाईनं लिहिलं होतं. आमच्याकडं त्या सेटिंगनं तात्पुरतं भागलं होतं पण आता आमचापण लॉग बघतो उद्या.

प्रिंटरचा बीसीबीवाला एरर मला माहितीय. तो ड्रायव्हर डाउनलोड करायची गरज आहे असं सांगणारा एरर आहे, दशमानात ३०१९. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागतात, प्रिंटनाइटमेअर या प्रिंटिंगमधल्या सिक्युरिटीच्या त्रुटीच्या भानगडीनंतर मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं. तर साध्या युजरच्या लॉगिनला प्रिंटर जोडायला जातो, ड्रायव्हर पीसीवर नाही, सर्व्हरवरून आणायचा प्रयत्न, नकार, पुढचा प्रिंटर, आणि उद्या परत तेच. प्रिंट सर्व्हर भोसरीला असेल तर हे सगळं व्हीपीएनवरून.

तो प्रतिबंध रजिस्ट्रीतून उघडायचे उपाय नेटवर सापडतील, कृपा करून ते करू नका, तो सिक्युरिटीसाठी आहे. ड्रायव्हर आधीच ॲडमिन म्हणून पीसीवर टाकून ठेवा, इमेजमध्ये किंवा स्टार्टअप स्क्रिप्टनं. स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टम अकाउंटवर चालते त्यामुळं अधिकाराचा प्रश्न नाही.


जुना_सिसॲडमिन:

निगडीकरांनी प्रिंटरचं छान सांगितलं. त्यात एवढंच, ॲक्शन रिप्लेस असेल तर अपडेट करा. रिप्लेस म्हणजे दर वेळी कनेक्शन तोडून नव्यानं जोडणं, अपडेट म्हणजे आहे ते राहू दे, फरक असेल तेवढाच लाव. ड्राइव्हलाही तेच. विंडोज ८ पासून ड्राइव्ह मॅप्स बॅकग्राउंड रिफ्रेशमध्येही चालतं, तेव्हा रिप्लेस असलं की उघडलेली फोल्डरची विंडो मधेच बंद होते, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल.

आणि शिरोलीच्या माणसाला भोसरीचे प्रिंटर कशाला? टार्गेटिंग लावा. सिक्युरिटी ग्रुपवर लावलेलं टार्गेटिंग स्वस्त पडतं, ग्रुपची माहिती लॉगिनच्या टोकनमध्येच असते. ओयू किंवा एलडीएपी क्वेरीवर (डोमेनच्या यादीतल्या शोधावर) लावलं की प्रत्येक एंट्रीसाठी डोमेन कंट्रोलरला विचारावं लागतं.

क्रम माझ्या मते असा ठेवा: जुनी ड्राइव्हची पॉलिसी आज, सबनेट आज, डब्ल्यूएमआय फिल्टर भोसरीच्या लोकांशी बोलून, प्रिंटर शेवटी कारण त्यात मेहनत आहे. आणि प्रत्येक बदलानंतर ८००१ चा आकडा लिहून ठेवा, एका वेळी एकच बदल.


शिरोली_ॲडमिन:

तीन दिवसांनी लिहितोय, कामं चालू आहेत, आकडे सांगतो आणि एक नवीन घोळ पण झालाय तो विचारतो.

जुनी ड्राइव्हची पॉलिसी अनलिंक केली, २४७ चे १२१ झाले, एका क्लिकमध्ये. स्टोअरचा माणूस म्हणाला साहेब नवीन पीसी दिलात का, मला खरंच भरून आलं. सबनेट साइटला जोडला, दुसऱ्या दिवशी पीसी इथल्याच डोमेन कंट्रोलरवर यायला लागले, ११३ झाले. नेटलॉगॉन लॉगमध्ये वायफायचा आणि सीसीटीव्हीच्या पीसींचा सबनेटपण सापडला, तेही टाकले. डब्ल्यूएमआय फिल्टरबद्दल भोसरीशी बोललो, जावाचं ते जुनं सॉफ्टवेअर बंद होऊन जमाना झाला, फिल्टर कुणालाच नको होता. काढल्यावर ८०. आणि ताई, पीसी मधेच अडकायचाच, क्वालिटीच्या मॅडम कधीपासून सांगत होत्या. १०३५ बघितले, दर दीड-दोन तासांनी रांग लागलेली होती. काल त्यांना स्वतः जाऊन सांगितलं.

घोळ असा. साफसफाई करताना वाटलं की नवीन ड्राइव्हची पॉलिसी फक्त लागणाऱ्या ग्रुपलाच द्यावी, म्हणून सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ऑथेंटिकेटेड युजर्स (डोमेनमधले सगळे युजर आणि पीसी) काढलं आणि आमचा अकाउंट्सचा ग्रुप घातला. तर त्यांचेच ड्राइव्ह गेले. जीपीरिझल्टमध्ये ती पॉलिसी लागू झालेल्यांत दिसतच नाही. ग्रुपमध्ये सगळे आहेत, दोनदा तपासलं. महिनाअखेर आहे, मी आत्ता परत ऑथेंटिकेटेड युजर्स घालून ठेवलंय.


सर्व्हररूम_ताई:

घाबरू नको, हे सगळ्यांचं होतं. जून २०१६ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर युजरच्या पॉलिसीसुद्धा पीसीच्या अकाउंटनं वाचल्या जातात, युजरच्या नाही. त्यामुळं ऑथेंटिकेटेड युजर्स काढलं की पीसीला ती पॉलिसी वाचायचाच अधिकार राहत नाही. आधी चालायचं म्हणून जुन्या लोकांच्या हाताला ती सवय आहे.

करायचं एवढंच, फिल्टरिंगमध्ये तुझा अकाउंट्सचा ग्रुप ठेव आणि डेलिगेशन टॅबवर ऑथेंटिकेटेड युजर्स किंवा डोमेन कॉम्प्युटर्सला फक्त रीड दे, अप्लाय नको. मग वाचता सगळ्यांना येईल, लागेल फक्त अकाउंट्सला. महिनाअखेर उलटली की कर, आणि शक्यतो दुपारी, सकाळी सात वाजता नको.


वेर्णा_आयटी:

गोव्याहून लिहितो, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. धागा वाचून आमचाही लॉग उघडला. आमच्याकडं टर्मिनल सर्व्हरवर (ज्यावर बरेच जण दुरून लॉगिन करतात) लूपबॅक (सर्व्हरच्या ओयूप्रमाणे युजरची पॉलिसी लावणं) मर्ज मोडमध्ये आहे, तर ५३१२ मध्ये पॉलिसींची यादी केवढीतरी लांब येते. लूपबॅकनं वेळ वाढतो का?


जुना_सिसॲडमिन:

मर्जमध्ये आधी युजरच्या ओयूच्या पॉलिसी घेतात आणि त्यावर सर्व्हरच्या ओयूमधल्या युजर सेटिंग्ज, म्हणजे यादी दोन ठिकाणची मिळून होते. टर्मिनल सर्व्हरवर युजरच्या नेहमीच्या ड्राइव्ह-प्रिंटरच्या पॉलिसी लागायला हव्यातच असं नसेल तर रिप्लेस मोड वापरा, मग फक्त सर्व्हरच्या ओयूकडचं लागतं. पण आधी ५०१६ बघा, यादी लांब असणं आणि वेळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न बदललेल्या पॉलिसी बहुतेक एक्स्टेंशन सोडून देतात, शंभर रजिस्ट्री सेटिंग सेकंदात होतात, आणि एक मेलेला सर्व्हर २१ सेकंद खातो. शिरोलीकरांचंच बघा, ३४ पॉलिसी आहेत आणि रजिस्ट्री आणि बाकीचं मिळून ३ सेकंद.

लॉगनंही उलगडा झाला नाही तर जीपीएसव्हीसीचा (ग्रुप पॉलिसी सर्व्हिसचा) डीबग लॉग आहे. रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, डायग्नॉस्टिक्स इथं जीपीएसव्हीसी डीबग लेव्हल नावाची डीवर्ड व्हॅल्यू हेक्समध्ये ३०००२. विंडोजच्या डीबग फोल्डरात यूजरमोड नावाचं फोल्डर आधी स्वतः बनवा, ते नसलं की लॉग तयारच होत नाही. त्यात दोन ओळींमधल्या वेळेचं अंतर बघत खाली जायचं, जिथं घड्याळ उडी मारतं तिथं दोष. काम झालं की ती व्हॅल्यू काढा.


शिरोली_ॲडमिन:

शेवटचा रिपोर्ट. ताईंनी सांगितल्यासारखं डेलिगेशनमध्ये डोमेन कॉम्प्युटर्सला रीड दिलं, अकाउंट्सचे ड्राइव्ह व्यवस्थित आले, बाकी कुणाला दिसत नाहीत.

प्रिंटरला चार दिवस गेले. तीन मॉडेलचे ड्रायव्हर स्टार्टअप स्क्रिप्टनं सगळ्या पीसींवर टाकले, पॉलिसीत रिप्लेसचं अपडेट केलं, आणि सात प्रिंटरच्या जागी प्रत्येकाला त्याच्या विभागाचे एक-दोनच, सिक्युरिटी ग्रुपवर. प्रिंटर्सचे ७१ सेकंद होते, आता ८. एकूण ८००१ आज सकाळी १७ सेकंद, पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप वापरता येईपर्यंत मोबाइलवर मोजले तर २५. मी मुद्दाम सातला डिस्पॅचमध्ये जाऊन उभा राहिलो होतो. पहिल्या गाडीचं ई-वे बिल सात वाजून चार मिनिटांनी निघालं.

नेटवर्कची वाट बघायची सेटिंग तशीच चालू ठेवलीये, १७ सेकंदांत ती आड येत नाही आणि ड्राइव्ह डेस्कटॉपबरोबरच दिसतात. पीसी बदलायचा प्रस्ताव साहेबांनी मागे घेतला, त्या पैशातून इथल्या डोमेन कंट्रोलरचा यूपीएस बदलायला मागितलाय.

भोसरीवाल्यांना सगळे आकडे पाठवले, त्यांच्याकडं मिनिटभर लागतं ते प्रिंटर रिप्लेसमुळंच असणार असं दिसतंय. उरलेल्या पॉलिसींपैकी ११ रिकाम्या निघाल्या, त्यांचा बॅकअप घेऊन अनलिंक करायच्या आहेत, महिनाभर तशाच ठेवून मग डिलीट. चाकणचे सबनेट मंगळवारी तपासतोय, तिथंही गेल्या वर्षी एक शेड वाढलीये.